डोंगरात वर्ग भरवताना: हरिश्चंद्रगडावर चार दिवसांचा अभ्यासक्रम कसा घ्यावा

भूशास्त्र, भूगोल, वनस्पतिशास्त्र, पर्यावरणशास्त्र, इतिहास यांपैकी काही शिकवत असाल आणि यंदा पहिल्यांदाच विद्यार्थ्यांना डोंगरात नेऊन एक अख्खा श्रेयांक (क्रेडिट) तिथेच पुरा करायची जबाबदारी तुमच्यावर आली असेल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे. मी भूशास्त्र शिकवते, त्यामुळे उदाहरणं दगडांची जास्त येतील. जागा म्हणून हरिश्चंद्रगड धरला आहे, कारण सह्याद्रीत शिकवण्याजोगं इतकं सगळं एका पठारावर क्वचितच सापडतं. तुमची जागा वेगळी असली तरी कामाचा क्रम हाच राहील.

सुरुवातीलाच माझं मत सांगते. डोंगरातला अभ्यासक्रम फसतो तो बहुतेक वेळा थांबे जास्त ठेवल्यामुळे. "एवढं लांब आलोच आहोत तर" म्हणून नाणेघाट, माळशेज, शिवनेरी सगळं एकाच फेरीत कोंबलं जातं, आणि मुलांच्या वहीत प्रत्येक ठिकाणच्या तीन ओळी उरतात. चार दिवसांत एक गड पुरेसा आहे. गडाच्या पायथ्याच्या पाचनई गावाहून नाणेघाटाला गाडीने जायचं तर कोतूळ-ओतूरकडून भलामोठा वळसा पडतो, अर्धा दिवस बसमध्ये जातो. इतिहास विभागाला नाणेघाट हवा असेल तर त्यांनी तिथेच चार दिवस राहावं. सातवाहनकालीन लेणं, त्यातला ब्राह्मी लेख आणि घाटमाथ्यावरचा दगडी रांजण यांवर तेवढा वेळ सहज जाईल.

पहिलं काम: प्रश्न ठरवा

जागेआधी प्रश्न हवा, आणि तो असा हवा की त्याचं उत्तर वर्गात बसून मिळणार नाही. "बेसॉल्टचे (लाव्हा थिजून झालेल्या काळ्या दगडाचे) गुणधर्म" हा वर्गातला विषय झाला. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर साचले आणि आजही जवळपास पाच लाख चौरस किलोमीटर भाग त्यांनी व्यापला आहे, हे निघण्यापूर्वीच सांगून टाका. डोंगरात विचारायचा प्रश्न असा: "या कड्यात लाव्हाचे किती प्रवाह दिसतात, आणि एक संपून दुसरा सुरू झाला हे कशावरून?"

भूगोलवाल्यांसाठी हरिश्चंद्रगडावर याहून सुंदर प्रश्न आहे. पठारावर पडलेला पाऊस जातो कुठे? मंगळगंगा देवळाजवळून निघून पाचनईच्या अंगाला उतरते आणि मुळेला मिळते. मुळा प्रवरेला, प्रवरा गोदावरीला. पायथ्याच्या दुसऱ्या गावाच्या, खिरेश्वरच्या बाजूचं पाणी पुष्पावतीतून पिंपळगाव जोगा धरणात, पुढे कुकडी, घोड, भीमा करत कृष्णेत. आणि कोकणकड्यावरून, म्हणजे गडाच्या पश्चिमेच्या उंच कड्यावरून खाली पडलेलं पाणी काळू नदीतून उल्हासला मिळून अरबी समुद्रात. एका गडावरून तीन खोऱ्यांत पाणी वाटलं जातं. ही वाटणीची रेघ नकाशावर आधी पेन्सिलीने काढायला लावा, मग प्रत्यक्ष पठारावर चालत ती तपासायला लावा. ती रेघ हटकून दोन-तीन ठिकाणी चुकलेली निघते, आणि ती दुरुस्त करताना समोच्च रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणारी रेघ) म्हणजे काय ते मुलांना कायमचं कळतं.

एका दिवसाला एक मोठा प्रश्न पुरतो. चौथा दिवस मांडणीला ठेवायचा, म्हणजे एकूण तीन प्रश्न झाले.

दुसरं काम: तास आणि तारखा

प्रात्यक्षिकाच्या एका श्रेयांकाला ३० तास लागतात. चार दिवसांत रोज साडेसात तास धरले की ते भरतात. त्यात चढउताराचा वेळ धरू नका. चालताना फारसं शिकवता येत नाही, आणि तास फुगवलेत की पुढच्या वर्षी परवानगी देणारे त्यावरच बोट ठेवतात. संध्याकाळच्या चर्चेचे दोन तास मात्र जरूर धरा, खरं शिकणं पुष्कळदा तिथेच होतं.

दगड पाहायचे असतील तर नोव्हेंबरचा उत्तरार्ध ते जानेवारी हा काळ उत्तम. गवत वाळलेलं असतं, हवा स्वच्छ असते, खालचं कोकण दिसतं. वनस्पतिशास्त्राला सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा हवा, तेव्हा वाटा निसरड्या असतात हे गृहीत धरा. जुलै-ऑगस्टमध्ये पदवीच्या मुलांना वर नेऊ नका. धुक्यात पाच पावलांपलीकडचं दिसत नाही, तिथे शिकवणार काय? शिवाय सुटे दगड खाली येतात. वार निवडताना सोमवार ते गुरुवार. शनिवार-रविवारी आणि वर्षअखेरीला गडावर इतकी गर्दी होते की कड्याजवळ वीस जणांना बसवायला शांत जागा मिळत नाही.

तिसरं काम: स्वतः जाऊन पाहणी

ही पायरी गाळू नका, दहा वेळा गड केलेला असला तरी. ट्रेकला जाणं आणि वर्ग भरवायला जाणं यात फरक आहे. पाहणीत या गोष्टी बघा: पंचवीस जण कड्यापासून सुरक्षित अंतरावर बसू शकतील अशी जागा कुठे आहे, कोणत्या वेळी तिथे सावली असते, वारा कुठून येतो, प्यायचं पाणी कुठल्या टाक्यातलं घ्यायचं, मोबाइलला रेंज कुठे मिळते आणि कुठे जाते. आग्या मोहोळं कुठे लटकली आहेत हेही गावातल्या माणसाला विचारून घ्या. कोकणकड्याच्या परिसरात ती असतात आणि दरवर्षी जागा बदलतात. धूर, अत्तर आणि आरडाओरडा तिन्ही बंद, हे मुलांना निघण्याआधी सांगायचं.

वाट पाचनईची घ्या. खिरेश्वरहून टोलार खिंडीची वाट सुंदर आहे, पण लांब आहे आणि कातळटप्प्यांवर नवखी मुलं अडकतात. कोकणातून वर येणाऱ्या अवघड नळीच्या वाटेचा विषयही काढू नका. कुणी हौशी विद्यार्थी "सर, आम्ही चौघं नळीने येतो" म्हणाला तर उत्तर एकच: अभ्यासक्रमात असेपर्यंत नाही.

चौथं काम: कागदपत्रं

हरिश्चंद्रगड हा कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचा भाग आहे. हे अभयारण्य १९८६ सालचं. म्हणजे वनविभागाच्या वन्यजीव शाखेला लेखी अर्ज, त्यात तारखा, विद्यार्थ्यांची संख्या, मार्ग आणि नेमकं काय करणार हे लिहायचं. दगड, रोपं, कीटक, पिसं काहीही उचलून आणता येणार नाही. भूशास्त्राच्या मुलांना हातोडी म्हणजे जीव की प्राण, पण ती घरी राहू द्या. देवळाच्या आणि लेण्यांच्या दगडावर तर साधा खडूसुद्धा लावायचा नाही. नमुने फोडून दाखवायचेच असतील तर अभयारण्याबाहेर, रस्ता रुंद करताना पडलेल्या ढिगाऱ्यातले, आणि तेही जागेच्या मालकाला विचारून.

बाकीची यादी नेहमीची: प्राचार्यांची परवानगी, पालकांची संमती, गटविमा, आजार आणि ॲलर्जीची माहिती, स्थानिक पोलीस ठाण्याला आणि ग्रामपंचायतीला पत्र. यातलं एकही पत्र उपचार समजू नका. फेब्रुवारी २०१६ मध्ये मुरूडच्या समुद्रात सहलीला गेलेले १४ विद्यार्थी बुडाले. त्यानंतर महाविद्यालयांच्या सहलींवरचे नियम कडक झाले आणि ते व्हायलाच हवे होते. पालक आपलं मूल तुमच्या सहीवर सोडतात.

आरोग्याची माहिती घेताना मुली मोकळेपणाने बोलतील अशी शिक्षिका सोबत हवी. पाळी, कपडे बदलायची जागा, शौचालय कुठे आहे आणि वर गडावर काय सोय आहे, हे पूर्वतयारीच्या बैठकीत सगळ्यांसमोर साध्या शब्दांत सांगा. यावर कुणी बोललं नाही की मुली दिवसभर पाणी पीत नाहीत, आणि दुपारी एखादीला चक्कर येते.

ज्यांना चढणं शक्य नाही अशा विद्यार्थ्यांसाठी खाली पाचनईतच तितक्याच वजनाचं काम आखा. मंगळगंगेचा प्रवाह मोजणं हे फार चांगलं काम आहे. ओढ्याचा सरळ दहा मीटर तुकडा घ्यायचा, पान किंवा लाकडाचा तुकडा सोडून वेळ मोजायची, खोली आणि रुंदी मोजून छेदाचं क्षेत्रफळ काढायचं. पृष्ठभागावरचा वेग सरासरीपेक्षा जास्त असतो, म्हणून तो ०.८५ ने गुणायचा. धार बारीक झाली असेल तर सरळ बादली लावा आणि ती भरायला लागलेले सेकंद मोजा. संध्याकाळी या गटाचे आकडे वरच्या गटाच्या नकाशाला जोडले की दोन्ही गटांना एकमेकांची गरज पडते.

पाचवं काम: सामान

जाड पुठ्ठ्याची कोरी वही, २बी पेन्सिल, खोडरबर, दहापट मोठं दाखवणारं भिंग, दोन गटांत मिळून एक क्लायनोमीटर कंपास (दिशा आणि उताराचा कोन मोजायला), आणि भारतीय सर्वेक्षण विभागाचा १:५०,००० नकाशा. या नकाशांची खुली आवृत्ती त्यांच्या संकेतस्थळावरून उतरवून घेता येते. मोठ्या कागदावर छापून प्लास्टिकच्या पिशवीत घाला. फोनवर नकाशा असला तरी कागदाचा हवाच, कारण चार डोकी एकत्र वाकून बघू शकतील असा पडदा फोनला नसतो.

फळा म्हणून पांढरा कापडी तुकडा आणि जाड मार्कर पुरतो. प्रोजेक्टर, लॅपटॉप, स्पीकर यांपैकी काही नको.

बुटांची पकड चांगली हवी, बूट महाग असायची गरज नाही. विभागात जुन्या चांगल्या बुटांचे, पाठपिशव्यांचे, उबदार कपड्यांचे पाच-सहा संच जमवून ठेवा आणि गाजावाजा न करता द्या. बूट नाहीत म्हणून न येणारी मुलं असतात, ती कारण भलतंच सांगतात.

सहावं काम: मुक्काम आणि गावची माणसं

मुक्काम पाचनईत घरगुती सोयीने करा. भाकरी, पिठलं, भात, आमटी मिळते, पोट बिघडत नाही. संख्या आठवडाभर आधी कळवा आणि आयत्या वेळी कमी करू नका, त्यांनी किराणा भरलेला असतो. रोख पैसे न्या, रेंजच्या भरवशावर राहू नका.

या भागातल्या वाड्या-वस्त्यांत महादेव कोळी समाजाची वस्ती मोठी आहे. गडाच्या वाटा, झरे, रानभाज्या, हिरड्याचे दिवस, कारवी यांची माहिती असलेला माणूस तुम्हाला वाटाड्या म्हणून मिळेलच. त्याला फक्त वाटाड्या ठेवू नका. एक संध्याकाळ त्याच्या नावाने लावा आणि पाहुण्या व्याख्यात्याला जे मानधन देता तेच त्याला द्या, महाविद्यालयाच्या पावतीवर. कारवी सात-आठ वर्षांनी एकदाच फुलते हे मुलांनी वाचलेलं असतं. तिच्या कुडाच्या भिंती कशा बांधतात आणि काठी कधी तोडायची, हे सांगणारा माणूस समोर बसला की वनस्पतिशास्त्र आणि घरबांधणी एकत्र कळतात. इथे "काका", "मावशी", "आजी" अशीच हाक मारायची आणि फोटो विचारून काढायचे, हे आधीच सांगून ठेवा.

रात्री कुणीही एकट्याने गावाबाहेर फिरायचं नाही. हा बिबट्यांचा मुलूख आहे.

सातवं काम: कड्यावरचा वर्ग

इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण नव्या शिक्षकांची सगळ्यात जास्त तारांबळ याच ठिकाणी उडते.

पोचल्यावर पहिली दहा मिनिटं काही बोलू नका. मुलांना बघू द्या, फोटो काढू द्या. कोकणकड्याच्या काठी पहिल्यांदा उभ्या राहिलेल्या मुलाला तुमचं वाक्य ऐकू येणार नाही. मात्र त्या दहा मिनिटांतही कड्याच्या दिशेला तुम्ही आणि तुमचा सहकारी उभे राहा, मुलं आतल्या बाजूला. काठाजवळ जायचं तर एका वेळी दोघं, पोटावर झोपून, कुणीतरी पाय धरलेले. वाऱ्याचा दिवस असेल तर तेही नाही.

मग सगळ्यांना बसवा. उभा वर्ग डोंगरात पाच मिनिटांत विस्कटतो. बसवताना उन्हाकडे मुलांची पाठ हवी, ऊन तुम्ही तोंडावर घ्या. वारा तुमच्याकडून मुलांकडे वाहत असेल अशी जागा घ्या, आवाज आपोआप पोचतो. बोलणं दहा-बारा मिनिटांत आटपा.

त्यानंतर चित्र. वीस मिनिटं, फोन पिशवीत, बोलणं बंद. कोकणकडा आत वळलेला असल्यामुळे एका टोकाला बसून दुसऱ्या बाजूची कातळभिंत समोर दिसते. तो पश्चिमेकडे तोंड करून आहे, त्यामुळे सकाळी भिंत सावलीत असते. उजेड दुपारी एकच्या पुढे येऊ लागतो, तेव्हा चित्राची वेळ तीच ठेवा. चित्रकला चांगली हवी असं काही नाही. आडव्या रेघा कुठे आहेत, उभा तुटलेला भाग कुठे आणि उताराचा कुठे, हिरवं कुठे उगवलंय, ओल कुठे झिरपतेय, एवढं वहीत आलं की झालं.

वीस मिनिटांनी विचारा, किती प्रवाह मोजले? कुणी पाच म्हणेल, कुणी नऊ, कुणी चौदा. लगेच बरोबर आकडा सांगू नका. प्रत्येकाने आपली रेघ कशावरून काढली ते विचारा. हळूहळू मुलांच्याच तोंडून निघतं: जिथे कातळ उभा तुटलाय तो प्रवाहाचा घट्ट मधला भाग, आणि त्यावर जिथे गवत-झुडपांची हिरवी पट्टी आहे तो वरचा, वायूच्या बुडबुड्यांनी सच्छिद्र झालेला, लवकर झिजणारा भाग. दोन प्रवाहांमध्ये कुठे कुठे तांबडी, भाजल्यासारखी मातीची रेघ दिसते. म्हणजे खालचा थर काही काळ उघडा होता, त्याची माती झाली आणि मग वरून पुढचा लाव्हा आला. मग चौदा मोजणाऱ्या मुलीकडे वळा. एकाच प्रवाहाच्या पोटात लाव्हाच्या लहान लहान जिभा एकमेकींवर चढलेल्या असू शकतात, तिने त्या वेगळ्या मोजल्या असतील. ती चुकली नाही, तिने बारकाईने पाहिलं. प्रवाह कशाला म्हणायचं यावर अभ्यासकांनाही विचार करावा लागतो, हे तिथेच सांगा.

दुसऱ्या दिवशी हीच रेघ पाण्याशी जोडा. केदारेश्वराच्या गुहेत कमरेइतक्या थंडगार पाण्यात पिंड आहे, भोवतालच्या चार खांबांपैकी एकच शाबूत आहे. देवळाच्या परिसरात खोदीव टाकी आहेत. हे पाणी नेमकं या उंचीवर का? सच्छिद्र आणि फटींच्या थरातून पाणी मुरतं, खालच्या घट्ट थरावर अडतं आणि आडवं बाहेर पडतं. टाकी खोदणाऱ्यांना हे ठाऊक होतं का, हा वाद संध्याकाळी इतिहासाच्या आणि भूशास्त्राच्या मुलांमध्ये लावून द्या आणि आपण गप्प बसा. गुहेत उतरू नका, ते पूजेचं ठिकाण आहे. टाक्यांत हात-पाय धुवायचे नाहीत, तेच पाणी लोक पितात.

दरडींचा विषय निघाला तर मुलं माळीणचं नाव घेतील. ३० जुलै २०१४ ला पुणे जिल्ह्याच्या आंबेगाव तालुक्यातलं ते गाव दरडीखाली गेलं, दीडशेहून अधिक माणसं गेली. हा विषय शिकवावाच: उतार, माती, पाऊस, जमीन वापर सगळं त्यात येतं. तो नकाशावर शिकवा, गाव दाखवायला बस नेऊ नका.

सुरक्षितता: न बदलणारे नियम

दहा-बारा विद्यार्थ्यांमागे एक जबाबदार मोठा माणूस. सगळ्यात पुढे वाटाड्या, सगळ्यात मागे शिक्षक, मध्ये कुणी तुटलं तर पुढच्याने थांबायचं. प्रत्येक थांब्याला मोजणी, जोडीदाराच्या नावाने. कोकणकड्यावरून तीन वाजता परतीला निघायचं, चित्र अर्धं राहिलं तरी. हिवाळ्यात सहानंतर झपाट्याने अंधार पडतो आणि उतरताना पाय जास्त मुरगळतात.

साप दिसला तर थांबायचं, त्याला जाऊ द्यायचं. चावलाच तर कापणं, चोखणं, आवळून बांधणं काही करायचं नाही. माणसाला चालवायचं नाही, तो अवयव हलू द्यायचा नाही, आणि लवकरात लवकर प्रतिविष असलेल्या रुग्णालयात न्यायचं. सगळ्यात जवळचं असं रुग्णालय कोणतं आणि तिथे प्रतिविष आहे का, हे पाहणीच्या वेळीच विचारून ठेवा. १०८ ची रुग्णवाहिका पाचनईपर्यंत यायला वेळ लागतो, म्हणून आपली एक गाडी चालकासह खाली थांबलेली हवी.

परत फिरण्याचा निर्णय एकाच माणसाचा, आणि तो कोण हे पहिल्या दिवशी जाहीर करा. त्यावर चर्चा नाही.

आठवं काम: गुण आणि नंतरचं

निम्मे गुण वहीला द्या, आणि वही मुक्कामावरच तपासा, रोज संध्याकाळी, पेन्सिलीने शेरा मारून. घरी जाऊन सुबक उतरवलेल्या वहीला गुण देऊ नका, मातीचे डाग पडलेली मूळ वहीच घ्या. एक चतुर्थांश गुण चौथ्या दिवसाच्या मांडणीला: प्रत्येक गटाने कापडी फळ्यावर आपला छेद किंवा नकाशा काढायचा आणि दुसऱ्या गटाने प्रश्न विचारायचे. गावातल्या मंडळींना बोलवा. उरलेले गुण परतल्यावर आठवड्याच्या आत घ्यायच्या तोंडी परीक्षेला. आठवडा उलटला की मुलांच्या डोक्यातून गड उतरतो आणि पुस्तक परत चढतं.

परतल्यावर महिन्याभरात दोन गोष्टी पाठवा. वनविभागाला थोडक्यात अहवाल: किती जण आलो, काय मोजलं, कचरा किती खाली आणला. आणि पाचनईच्या शाळेला मुलांनी केलेल्या पाणलोट नकाशाची मोठी छापील प्रत, मराठीत, ओढ्यांची गावात चालणारी नावं घालून. ती नावं तपासून घ्यायला वाटाड्यालाच फोन करा, आणि पुढच्या वर्षीच्या तारखा त्याच फोनवर पक्क्या करून टाका.